रावेरचा वर्कर का तुंबतो?

समजा, खानदेशातल्या शेतांत मातीचा ओलावा मोजणारे २०,००० सेन्सर बसवले आणि प्रत्येक जण दर १० सेकंदांनी एक नोंद पाठवतो. म्हणजे सेकंदाला २,००० नोंदी. एक नोंद तपासून तालुक्याच्या चालू सरासरीत घालायला वर्करला (नोंदी हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या एका प्रतीला) २ मिलिसेकंद लागत असतील, तर तो सेकंदाला ५०० नोंदी उरकतो. हिशेबाने चार वर्कर पुरतात. आपण आठ लावले.

सरासरी ठेवायची, तर एका तालुक्याच्या नोंदी एकाच वर्करकडे जायला हव्यात, कारण आतापर्यंतची बेरीज त्याच्याच मेमरीत असते. म्हणून तालुक्याचं नाव ही ‘की’ धरतात, तिचा हॅश (ठरावीक सूत्राने नावापासून निघणारा आकडा) काढतात आणि त्यावरून वर्कर ठरतो. खानदेशात तालुके २५: जळगावचे १५, नंदुरबारचे ६, धुळ्याचे ४. आठ वर्करांत ते तीन-तीन वाटले जातील असं नाही. एखाद्याच्या वाट्याला सहा येतात, एखादा रिकामा बसतो. शिवाय हॅशला तालुक्याचं वजन कळत नाही. रावेर-यावल हा केळीचा पट्टा, घरोघरी ठिबक, सेन्सरही तिथेच दाट; अक्राणीत तुरळक.

एकट्या रावेरचे ६,००० सेन्सर धरा. सेकंदाला ६०० नोंदी येतात, ५०० उरकतात. त्या वर्करकडे दुसरा एकही तालुका नाही असं मानलं, तरी दर सेकंदाला १०० मागे पडतात. सकाळी सहाला सुरू केलं, तर दुपारी बाराला पडद्यावर रावेरचे अकराचे आकडे दिसतात. तोवर आठही वर्करांचा सरासरी सीपीयू वापर ५० टक्क्यांच्या आतच! डॅशबोर्डवर सरासरी लावून ठेवण्याची ही सवय फार घातक. पाहायचा तो प्रत्येक पार्टिशनचा, म्हणजे नोंदींच्या प्रत्येक वाट्याचा लॅग: त्यातल्या किती नोंदी मागे पडल्या आहेत. आणि इथे वर्कर आठाचे सोळा केले तरी उपयोग शून्य, रावेर एकाच्याच गळ्यात राहणार.

उपाय म्हणजे की फोडणे, ज्याला सॉल्टिंग म्हणतात. सेन्सर क्रमांकाला ४ ने भागून उरलेली बाकी नावाला जोडायची: रावेर-०, रावेर-१, रावेर-२, रावेर-३. प्रत्येकीकडे सेकंदाला साधारण १५० नोंदी. बाकीऐवजी यादृच्छिक आकडा जोडू नये; एका सेन्सरच्या नोंदी विखुरतात आणि त्यांचा क्रम जातो. मग दर १० सेकंदांनी चौघी आपापली बेरीज आणि मोजणी दुसऱ्या टप्प्याला देतात, तिथे एकत्र सरासरी निघते. बहुतेकांची चूक इथेच होते: ते बेरीज-मोजणीऐवजी थेट सरासरी पाठवतात. एकीकडे १० नोंदींची सरासरी ४० आणि दुसरीकडे ९० नोंदींची २० असेल, तर खरं उत्तर २२. सरासरींची सरासरी ३० सांगते. मध्यक हवा असेल, तर ही युक्ती चालत नाही. उलट नोंद फक्त गाळायची असेल, मागचं काही लक्षात ठेवायचं नसेल, तर की हवीच कशाला? पाळीपाळीने वाटा.

की चांगली असली तरी वाटणीत खोट राहू शकते. फ्लिंक हा सतत येणाऱ्या नोंदी हाताळणारा सॉफ्टवेअर-मंच आधी सगळ्या की ठरावीक गटांत घालतो आणि मग गट वर्करांना देतो. गटांची संख्या आपण सांगितली नाही, तर ५० वर्करांसाठी ती १२८ होते. त्यामुळे २८ जणांना तीन गट, २२ जणांना दोन. काहींवर दीडपट भार, तोही आपल्या नकळत.

नोंदींच्या रांगा सांभाळणाऱ्या काफ्का या सॉफ्टवेअरमध्ये वेगळंच दुखणं. तिथला कन्झ्युमर (रांगेतून नोंदी उचलणारा प्रोग्राम) एका खेपेला जास्तीत जास्त ५०० नोंदी उचलतो आणि पाच मिनिटांत पुढची खेप मागायला आला नाही, तर त्याला कन्झ्युमरांच्या गटाबाहेर काढतात. या दोन्ही मर्यादा मुळात ठरलेल्या असतात, बदलता येतात. डेटाबेस मंदावून एका नोंदीला ०.७ सेकंद लागू लागला, की खेपेला ३५० सेकंद होतात. मग त्याची पार्टिशन्स इतरांकडे जातात, अर्धवट खेप पुन्हा पहिल्यापासून होते आणि त्याच मंद डेटाबेसपुढे तेही एकेक करून बाहेर पडतात. अशा वेळी मशिनं वाढवण्याआधी खेप १०० नोंदींवर आणावी. ७० सेकंदांत उरकते.