फळ्यावरचा बिंदू सरकतो तेव्हा

दहावीच्या भूमितीत एक प्रमेय आहे: वर्तुळाच्या एकाच कंसात आंतरलिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात. खडूने ते शिकवताना शिक्षक वर्तुळ काढतात, त्यात एक जीवा काढतात, कंसावर दोन-तीन बिंदू घेऊन ते जीवेच्या टोकांशी जोडतात आणि कोनमापक लावून कोन मोजून दाखवतात. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसतात ते दोन-तीनच कोन. प्रमेयातील ‘सर्व’ हा शब्द त्यांना शिक्षकांवरील विश्वासाने मान्य करावा लागतो.

हीच आकृती जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढून इंटरॅक्टिव्ह फळ्यावर, म्हणजे संगणकाचे चित्र दाखवणाऱ्या आणि बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या फळ्यावर, उघडली, तर कंसावरचा बिंदू बोटाने धरून सरकवता येतो. बिंदू फिरत राहतो, कोनाच्या भुजा लांब-आखूड होतात, पण शेजारी दिसणारे ५० अंश हे माप हलत नाही. यामुळे सिद्धतेची गरज संपत नाही, ती वहीत लिहावीच लागते. परंतु नेमके काय सिद्ध करायचे आहे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. माझ्या मते या फळ्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. लिहिलेले जपून ठेवता येणे आणि काल गैरहजर असलेल्या मुलाला ते आज पुन्हा दाखवता येणे, हेही उपयोगाचे आहेच.

‘स्मार्ट बोर्ड’ १९९१ मध्ये कॅनडातील एका कंपनीने बाजारात आणला, आणि आपल्याकडे तेच नाव अशा सर्व फळ्यांना चिकटले. फळ्याला बोट कुठे टेकले हे समजण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांपैकी एका प्रचलित पद्धतीत चौकटीच्या दोन बाजूंना डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडणारे एलईडी असतात आणि समोरच्या बाजूंना ते टिपणारे संवेदक असतात. बोट टेकताच एक आडवा आणि एक उभा किरण अडतो, आणि ते दोन्ही जिथे छेदतात ती बोटाची जागा ठरते. किरण कशाने अडला हे मात्र चौकटीला कळत नाही; म्हणून लिहिताना शर्टाची बाही किंवा साडीचा पदर फळ्याजवळ आला तरी नको तिथे रेघ उमटते. शिवाय प्रोजेक्टर थोडा जरी हलला, तर बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे असे होते. मग कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या खुणांना क्रमाने स्पर्श करून चित्र आणि फळा यांचा मेळ घालणे, पुन्हा करावे लागते.

ब्रिटनमध्ये दोन हजारच्या दशकात सरकारी खर्चाने हे फळे मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. लंडनमधील माध्यमिक शाळांचे मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. एकेका मुलाला फळ्याजवळ बोलावल्याने काही वर्गांत बाकीच्यांचे शिकणे उलट मंदावत होते, असेही त्यात नोंदवले होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ जाहीर केले, आणि महाराष्ट्रातील कितीतरी जिल्हा परिषद शाळांनी तर लोकवर्गणी काढून वर्ग डिजिटल केले आहेत. गावाने पदरचे पैसे घालून घेतलेल्या फळ्यावर केवळ व्हिडिओ दाखवले जावेत, हे मनाला लागते.

यावर एक साधा उपाय आहे. बिंदू सरकवण्याआधी सर्वांनी आपला अंदाज वहीत लिहायचा, आणि मगच एका मुलीने फळ्याजवळ यायचे. म्हणजे बोट एकीचे असले, तरी काय होते याची उत्सुकता साऱ्या वर्गाला असते. आता शिक्षकांनी विचारावे, ‘हा बिंदू जीवेचे टोक ओलांडून पलीकडच्या कंसात गेला तर?’ बहुतेक वह्यांत ५० हेच उत्तर असण्याची शक्यता आहे. बिंदू टोकापर्यंत येतो, पलीकडे जातो, आणि मापाच्या जागी १३० अंश दिसतात. ५० आणि १३० यांची बेरीज कुणीतरी करतेच, आणि चक्रीय चौकोनाचे (ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात त्याचे) संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, म्हणजे त्यांची बेरीज १८० अंश असते, हे पुढचे प्रमेय शिक्षकांनी सांगण्याआधीच वर्गात विचारले जाते.