‘२५०’ म्हटलं की जबाबदारी आली

रात्रीचा बॅकअप झाला की नाही, प्रिंटरने स्कॅन केलेलं चलन, पासवर्ड बदलायची लिंक: असल्या ईमेल माणसं पाठवत नाहीत, यंत्रं पाठवतात. असंख्य कचेऱ्यांत हे काम वर्षानुवर्षं विंडोज सर्व्हरमधल्या एका छोट्या एसएमटीपी सर्व्हरने (एसएमटीपी म्हणजे ईमेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेण्याचे ठरलेले नियम) निमूटपणे केलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ पासूनच त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं होतं. पण पुढच्या आवृत्त्यांतही तो मिळत राहिला, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. विंडोज सर्व्हर २०२५ मधून मात्र तो काढूनच टाकला आहे.

त्याची रचना अगदी साधी होती. ‘मेलरूट’ या फोल्डरमध्ये पिकअप, क्यू, बॅडमेल अशी पोटफोल्डरं. पिकअपमध्ये ठरलेल्या साच्यातली मजकुराची फाइल टाकली की ईमेल निघाली. हा सोपेपणाच लोकांना आवडला. पण जी पत्रं पोहोचवता येत नसत आणि परतही करता येत नसत, ती बॅडमेलमध्ये साचत आणि तिकडे महिनोन्‌महिने कुणी फिरकत नसे. शिवाय ही सेवा बहुधा ‘मॅन्युअल’वर राही. अपडेटनंतर सर्व्हर पुन्हा सुरू झाला तरी ती आपणहून सुरू होत नसे, आणि बॅकअप बिघडल्याचं सांगणारी ईमेलच निघत नसे.

मग बदली सर्व्हरमध्ये पाहायचं काय? पाठवण्याचा वेग नव्हे. दोन सर्व्हरमधलं बोलणं नीट ऐकलं की खरा मुद्दा कळतो. पाठवणारा आधी स्वतःची ओळख देतो, मग ‘मेल फ्रॉम’ (कुणाकडून), ‘आरसीपीटी टू’ (कुणाला) आणि ‘डेटा’ (आता मजकूर) म्हणतो. समोरून ३५४ येतं, म्हणजे मजकूर सांगा. मजकूर संपला की एका ओळीत फक्त टिंब. त्यावर २५० हे उत्तर आलं की त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी घेणाऱ्याची. पत्र पोहोचवायचं, नाहीतर पोहोचलं नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. मध्येच यंत्र बंद पडलं, ही सबब चालत नाही. रजिस्टर पत्र खिडकीवर घेऊन पावती फाडली की पोस्टावर येत असे, तीच ही बांधिलकी. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमपत्रापासून ईमेल याच विश्वासावर चालते आहे.

ही बांधिलकी निभवायची तर २५० म्हणण्याआधी पत्र डिस्कवर पक्कं लिहिलेलं हवं. लिनक्सवर चालणारा पोस्टफिक्स हा ईमेल सर्व्हर नेमकं हेच करतो. वीट्झ व्हेनेमा यांनी तो आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिला आणि १९९८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्यात एकच मोठा प्रोग्रॅम नाही. पत्र घेणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, बाहेर पाठवणारा वेगळा. एखादा कोसळला तर वरचा ‘मास्टर’ त्याला पुन्हा उभा करतो. समोरचा सर्व्हर चारशेच्या घरातला आकडा देतो, तेव्हा ‘आत्ता नाही, नंतर या’ असं सांगत असतो. पोस्टफिक्स ते पत्र बाजूच्या रांगेत ठेवतो आणि प्रयत्नांमधलं अंतर वाढवत, मूळ मांडणीनुसार पाच दिवस पुन्हापुन्हा पाठवून बघतो. पाचशेच्या घरातला आकडा म्हणजे साफ नकार. मग लगेच पाठवणाऱ्याला कळवतो.

स्वतः लिनक्स सांभाळायचं नसेल, तर बाहेरची सशुल्क रिले सेवा, म्हणजे आपली पत्रं घेऊन पुढे पोहोचवणारी सेवा, घेता येते. पण कचेरीचं इंटरनेट गेलं की प्रिंटर किंवा जुनं सॉफ्टवेअर बहुधा पुन्हा प्रयत्न करत बसत नाही, पत्र तिथंच संपतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आत छोटा पोस्टफिक्स ठेवावा आणि त्याने पोर्ट ५८७ वरून (ईमेल सोपवण्यासाठी ठरलेला मार्ग), पासवर्ड देऊन, बाहेरच्या सेवेकडे पत्रं सोपवावीत. रांग आपल्या हाताशी राहते आणि आयपी पत्त्याची पत सांभाळण्याचं, म्हणजे तो स्पॅमवाल्यांत गणला जाऊ नये हे बघण्याचं, कटकटीचं काम त्या सेवेकडे जातं. जुने प्रिंटर नवं टीएलएस (वाटेतला मजकूर गुप्त ठेवणारी पद्धत) बोलू शकत नाहीत, तोही प्रश्न मधला पोस्टफिक्स सोडवतो. मात्र तो फक्त आतल्या ठरावीक पत्त्यांकडूनच पत्रं घेईल, हे बघावंच. दार सताड उघडं राहिलं तर स्पॅमवाले लगोलग ते शोधून काढतात.

पाठवणारा सर्व्हर बदलला की डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (या डोमेनच्या नावाने कोण ईमेल पाठवू शकतं, त्याची यादी) नव्या सेवेचं नाव घालावं लागतं. डीकेआयएम सही, म्हणजे पत्र खरंच त्या डोमेनचं आहे याची डिजिटल खूण, जुना सर्व्हर करतच नव्हता. ती आता लावावी. जीमेलवर दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना गूगलने, आणि मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना याहूने, फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं, ते सांगणारी नोंद) तिन्ही सक्तीचे केले आहेत.

जुना सर्व्हर बंद करण्याआधी निदान एक महिनाअखेर जाईपर्यंत त्याचं लॉगिंग चालू ठेवावं. कोणतं यंत्र त्याच्याकडे येतं, हे तेव्हाच कळतं. महिन्यातून एकदाच बोलणारी पगारपत्रकाची प्रणाली हमखास विसरली जाते. मग एकेक यंत्र हलवावं आणि नव्या सर्व्हरची परीक्षा घ्यावी. बाहेरचं इंटरनेट काढा, एक ईमेल पाठवा, सर्व्हरची वीज घालवा, परत सुरू करा आणि ‘पोस्टक्यू -पी’ (postqueue -p) ही रांग दाखवणारी आज्ञा द्या. पत्र रांगेत दिसलं पाहिजे आणि इंटरनेट आल्यावर आपणहून निघालं पाहिजे.