हजारात तीन: बेसबॉलच्या सप्टेंबरचं गणित

३ सप्टेंबर २०११ ला खेळ संपला तेव्हा बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या खात्यावर ८४ विजय आणि ५४ पराभव होते. मागून येणाऱ्या टॅम्पा बे रेजचे ७५ विजय आणि ६३ पराभव. दोघांचे २४-२४ सामने उरलेले आणि मध्ये नऊ सामन्यांचं अंतर. अमेरिकन लीगमधून तेव्हा चारच संघ प्लेऑफला जात: तीन विभागांचे विजेते आणि उरलेल्यांतला सर्वोत्तम एक, म्हणजे वाइल्ड कार्ड. बाकी काही नाही तरी रेड सॉक्सना वाइल्ड कार्ड मिळणारच, असं सगळे धरून चालले होते. मॉडेलांच्या हिशेबाने ते हुकण्याची शक्यता होती सुमारे ०.३ टक्के. हजारात तीन.

२८ सप्टेंबरला साखळीचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा दोन्ही संघ ९० विजय आणि ७१ पराभवांवर बरोबरीत होते.

अशा महिन्यात चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आघाडी मोठी आहे, दिवस थोडे उरलेत, उगाच घाबरू नका. दुसरा म्हणतो, आकडे काय घेऊन बसलात, संघ खेळतोय कसा ते बघा! पहिल्याला गणिती आणि दुसऱ्याला भावनिक समजायची रीत आहे. मला ती मुळातच चुकीची वाटते. दोघंही गणिताबद्दलच बोलत असतात. पहिला त्या गणिताचं उत्तर सांगतो आणि दुसरा त्यात घातलेल्या एका आकड्यावर बोट ठेवतो.

तो आकडा म्हणजे संघाची सामना जिंकण्याची खरी क्षमता. बेसबॉलमध्ये ती ओळखणं फार अवघड असतं, कारण एकेका सामन्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. उत्तम संघसुद्धा शंभरातले साठच सामने जिंकतो. म्हणून तर साखळी १६२ सामन्यांची ठेवलेली आहे. आयपीएलमध्ये एक संघ साखळीत १४ सामने खेळतो. तेवढ्या सामन्यांवरून बेसबॉल संघाबद्दल काहीच ठामपणे सांगता येणार नाही. अगदी ५० टक्के क्षमतेचा संघ घेतला, तरी १६२ सामन्यांत त्याचे विजय ८१ च्या आसपास सहा-साडेसहाने खालीवर होणं ही रोजची गोष्ट आहे. संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात. सामन्यांच्या संख्येला चाराने भागून वर्गमूळ काढलं की ते मिळतं.

विजयांपेक्षा धावा जास्त खरं बोलतात, हे बिल जेम्स या अभ्यासकाने दाखवून दिलं. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. यातून जिंकण्याचं अपेक्षित प्रमाण मिळतं, ते १६२ ने गुणलं की विजय. २०११ च्या पूर्ण मोसमात रेड सॉक्सनी ८७५ धावा केल्या आणि ७३७ दिल्या. सूत्रातून ९५ विजय निघतात. रेजच्या ७०७ आणि ६१४ धावांतून ९२. म्हणजे अख्खा सप्टेंबर धरूनही रेड सॉक्सच थोडे सरस ठरतात.

क्षमता ठरली की पुढचं काम संगणकाचं. उरलेला प्रत्येक सामना तो त्या टक्केवारीनुसार खोटाखोटा खेळवतो, शेवटी गुणतक्ता मांडतो आणि हे हजारो वेळा करतो. दर हजारांत किती वेळा संघ प्लेऑफला गेला ते मोजलं की टक्केवारी तयार. ही मोंटे कार्लो पद्धत. तिचं मूळही खेळातच आहे. १९४६ मध्ये गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलम आजारातून उठत होते आणि एकटेच पत्त्यांचा डाव मांडत बसत. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणं किचकट पडतं, हे पाहून त्यांच्या मनात आलं, की शंभर डाव मांडून मोजूनच का बघू नये? जॉन फॉन नॉयमन यांच्यासोबत त्यांनी हीच युक्ती अणुकेंद्रकातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांच्या हिशेबाला लावली.

आता रेड सॉक्सचं गणित कागदावरच करू. सोयीसाठी दोन्ही संघ प्रत्येक सामना पन्नास टक्के शक्यतेने जिंकतात असं धरू. २४ सामन्यांत रेजनी नऊ सामने भरून काढायचे आणि बरोबरी झाली तर जास्तीचा निर्णायक सामना. दोघं फक्त इतरांशी खेळत असते, तर हे घडण्याची शक्यता येते जेमतेम अर्धा टक्का.

पण त्या २४ पैकी सात सामने या दोन संघांचे एकमेकांशी होते, आणि तिथे हिशेब बदलतो. एरवी रेज जिंकले तरी रेड सॉक्सही जिंकू शकतात आणि अंतर तसंच राहतं. आमनेसामने मात्र एकाचा विजय हाच दुसऱ्याचा पराभव, त्यामुळे प्रत्येक सामन्यात अंतर पूर्ण एकाने कमी किंवा जास्त होणारच. चढउतार वाढतात. चढउताराचा फायदा नेहमी मागे असणाऱ्याला होतो. पुढे असणाऱ्याला काहीच घडायला नको असतं. हे सात सामने हिशेबात घेतले की शक्यता दुपटीहून वाढते, एका टक्क्याच्या थोडी वर जाते. वेळापत्रकाचा हा एवढा तपशील सामन्यांच्या अंतराच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. प्रत्यक्षात त्या सातपैकी सहा सामने रेजनी जिंकले.

दुसऱ्या तटाचं म्हणणं याहून महत्त्वाचं. मॉडेल मानतं, की संघाची क्षमता काल होती तीच उद्या असेल आणि एका सामन्याचा दुसऱ्याशी संबंध नसेल. बोस्टनचा क्ले बुखोल्झ हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, पाठीच्या दुखण्यामुळे जूनपासून बाहेर होता. सप्टेंबरमध्ये त्यांचे सलामीचे पिचर दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्याएवढ्या डावांमागे, सातच्या वर धावा देत होते. सलामीचा पिचर लवकर बदलावा लागला की मागचे पिचर जास्त वापरले जातात, ते थकतात आणि त्याची किंमत पुढच्या सामन्यात मोजावी लागते. पराभव असे एकमेकांत अडकतात. समजा, बोस्टनची क्षमता ४५ टक्क्यांवर घसरली आणि रेजची ५७ वर गेली. एवढा बदल केला की वरच्याच हिशेबातून सुमारे सहा टक्के येतात. गणित तेच, सूत्र तेच. पण एकाचे सहा झाले. म्हणून ‘संघ घसरलाय’ म्हणणाऱ्या चाहत्याला हसू नये. त्याने फक्त एवढं सांगावं, की क्षमता किती घसरली असं त्याला वाटतं आणि ते कशावरून. चार पराभव हे उत्तर पुरेसं नाही, कारण पन्नास टक्क्यांच्या संघालाही ओळीने चार पराभव सहज भेटतात. पिचरचा दुखरा खांदा हे पुरेसं उत्तर आहे.

आणि ती शेवटची रात्र. बाल्टिमोरमध्ये रेड सॉक्स ३-२ ने पुढे होते. त्या मोसमात आठ इनिंगनंतर आघाडीवर असताना ते ७७ वेळा जिंकले होते, हरले एकदाही नव्हते. नवव्या इनिंगमध्ये बोस्टनचा पिचर जोनाथन पॅपलबनने पहिले दोघे बाद केले. मग बाल्टिमोरच्या ख्रिस डेव्हिसचा डबल (फलंदाजाला दुसऱ्या टप्प्यापर्यंत नेणारा फटका), नोलन रायमोल्डचा डबल, बरोबरी. रॉबर्ट अँडिनोने डावीकडे मारलेला चेंडू कार्ल क्रॉफर्डच्या पुढे पडला, रायमोल्डने विजयी धाव पुरी केली आणि सामना ४-३ ने गेला. तिकडे फ्लोरिडात रेज सात इनिंगनंतर यँकीजविरुद्ध ०-७ असे मागे होते. आठव्या इनिंगमध्ये सहा धावा आल्या. नवव्यात दोन बाद, दोन स्ट्राइक (तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज बाद), आणि फलंदाज डॅन जॉन्सन, ज्याची त्या मोसमातली सरासरी होती ०.१०८. त्याने होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर, आणि बरोबरी झाली. बोस्टनचा पराभव होऊन काही मिनिटं होतात न होतात, तोच बाराव्या इनिंगमध्ये रेजच्या इव्हान लाँगोरियाचा होमरन कुंपणापलीकडे गेला आणि रेज जिंकले.

संख्याशास्त्राचे अभ्यासक नेट सिल्व्हर यांनी तेव्हा चार शक्यतांचा गुणाकार मांडला: मूळचे ०.३ टक्के, ०-७ वरून जिंकण्याचे ०.३ टक्के, आणि दोन्हीकडच्या शेवटच्या स्ट्राइकचे दोन-दोन टक्के. उत्तर आलं सुमारे २७ कोटी ८० लाखांत एक. ‘नेमकं असंच घडेल’ याची विरळता त्यातून जाणवते. पण ‘बोस्टन बाहेर पडेल’ याची शक्यता ती नव्हे. मूळच्या ०.३ टक्क्यांत शेवटच्या रात्रीपर्यंतच्या सगळ्या वाटा आधीच मोजलेल्या असतात. त्यातली एक वाट पुन्हा वेगळी गुणली की तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. ०-७ वरून जिंकणं आणि शेवटच्या स्ट्राइकवरचा होमरन हे तर एकाच सामन्याचे दोन तुकडे.

डेट्रॉइट टायगर्सच्या चाहत्यांनी हे दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये ५५ विजय आणि ६३ पराभवांवर असताना त्यांची प्लेऑफची शक्यता ०.२ टक्के दाखवली जात होती. पुढच्या ४४ पैकी ३१ सामने जिंकून ते आत गेले. २०२५ च्या जुलैमध्ये याच टायगर्सची क्लीव्हलंड गार्डियन्सवर साडेपंधरा सामन्यांची आघाडी होती. सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत दोघांचे सहा सामने आमनेसामने होते. त्यातले पाच क्लीव्हलंडने जिंकले आणि विभागही जिंकला. टायगर्स वाइल्ड कार्डवर आत आले, पहिल्याच फेरीत त्यांची गाठ पुन्हा क्लीव्हलंडशी पडली, आणि ती मालिका टायगर्सनी २-१ ने घेतली.