हिम्स एन्शंट अँड मॉडर्न आणि त्याच्या पुरवण्या

इंग्लंडमधील अँग्लिकन चर्चचा सर्वाधिक रुळलेला स्तोत्रसंग्रह. मंकलंड या खेड्याचे धर्मगुरू हेन्री विल्यम्स बेकर हे संपादक मंडळाचे प्रमुख, तर विल्यम हेन्री मंक हे संगीत संपादक होते. १८६१च्या पहिल्या आवृत्तीत २७३ गीते होती.

१८६८मध्ये या संग्रहाला पहिली पुरवणी जोडली गेली. बेकर यांचे ‘द किंग ऑफ लव्ह माय शेफर्ड इज’ हे गीत तिच्यातलेच. १८७५मध्ये सगळा संग्रह नव्याने लावून ४७३ गीते झाली. त्यानंतर १८८९ची पुरवणी ४७४पासून ६३८पर्यंत आणि १९१६ची ६३९पासून ७७९पर्यंत गेली. नवी गीते विषयवार मधे न घालता शेवटी जोडण्याचे कारण अगदी व्यवहारी होते. चर्चमधल्या लाकडी फलकावर फक्त गीतांचे क्रमांक लावतात, आणि बाकांवर नव्या-जुन्या प्रती शेजारी शेजारी असतात. क्रमांक हलला की निम्मी मंडळी भलतेच पान उघडणार! म्हणून ‘अबाइड विथ मी’ हे सायंप्रार्थनेचे गीत २७व्या क्रमांकावर राहिले, तर ‘द डे दाऊ गेव्हेस्ट’ हे तशाच वेळचे गीत थेट ४७७वर गेले.

१९०४च्या आवृत्तीने हे पथ्य मोडले. क्रमांक बदलले, शिवाय नाताळच्या ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ या ओळीऐवजी चार्ल्स वेस्ली यांचे ‘हार्क! हाउ ऑल द वेल्किन रिंग्ज’ हे मूळ शब्द परत आणले. पाठ म्हणून ते अस्सल, पण लोकांच्या जिभेवर दुसरेच बसले होते. आवृत्ती चालली नाही. म्हणूनच १९१६ची पुरवणी जुन्याच क्रमांकांपुढे जोडावी लागली आणि १९२२च्या ‘स्टँडर्ड’ आवृत्तीत ती ७७९ गीते एकत्र आली. १९५०च्या सुधारित आवृत्तीत मात्र गाळणी लावून ६३६च गीते ठेवली.

पुढे १९६९ आणि १९८०मध्ये शंभर-शंभर गीतांच्या दोन पुरवण्या निघाल्या. १९८३मध्ये त्या १९५०च्या आवृत्तीतील निवडक ३३३ गीतांना जोडल्या गेल्या.

‘अबाइड विथ मी’ची मंक यांनी बांधलेली ‘ईव्हनटाइड’ ही चाल १८६१मध्ये याच संग्रहात प्रथम छापली गेली. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये लष्करी बँड अनेक वर्षे वाजवत असे ती हीच. २०२२मध्ये ती वगळली आणि त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची धून आली.