हाड, अंडं की नुसता बुडबुडा? पुण्यातला दगड ओळखताना

पुण्याभोवतीच्या घाटांत रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत पपनसाएवढे गोल दगड रुतलेले दिसतात. अंगावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतात. डायनोसॉरचं अंडं सापडलं असं वाटायला एवढं पुरतं.

आकाराकडे नंतर बघू. आधी खडक बघायचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला. पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड ही सगळी त्याच काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. अकराशे अंशांच्या आसपास तापलेल्या रसात हाड टिकत नाही. जीवाश्माला गाळ लागतो. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळं साचलं आणि त्यात लाकूड, गोगलगायी पुरल्या गेल्या, तर ते शक्य होतं. विदर्भात असे थर आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला तर लाव्हाच्या खालच्या गाळात डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठाही मिळते. पुण्याकडे दोन थरांमध्ये बहुधा भाजल्यासारखी लाल माती असते, बाकी काही नाही.

मग ते ‘अंडं’ काय? बेसॉल्टच्या तड्यांतून पाणी मुरतं, तड्यांमधल्या चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि दगड गोल होत जातो. पापुद्रे एकामागून एक निघतात आणि मधे काळा, टणक गाभा उरतो. खऱ्या अंड्याला कवच एकच असतं, साधारण एक ते तीन मिलिमीटर जाडीचं आणि सगळीकडे जवळपास सारखं. भिंगातून त्यावर बारीक पुटकुळ्या आणि छिद्रं दिसतात. आत बेसॉल्ट नसतो, गाळ असतो.

हाडाच्या बाबतीत फसगत जास्त होते, कारण बेसॉल्टही सच्छिद्र असतो. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, कॅल्साइट किंवा स्टिलबाइट-ह्युलंडाइटसारखी झिओलाइट गटातली खनिजं भरतात. (वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे.) थराच्या तळाशी हे बुडबुडे कधी कधी वर खेचले जाऊन पेन्सिलीसारख्या नळ्या होतात. पांढऱ्या खनिजाने भरलेली अशी नळी तुटून पडली की हुबेहूब बोटाचं हाड. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दरडीतल्या अशा तुकड्याची तुटलेली बाजू ओली करून बघा. हाडात बाहेर घट्ट कड आणि आत एकमेकींना जोडलेल्या पातळ भिंतींची जाळी दिसते. बुडबुडे सुटे असतात, त्यांच्या भिंती गुळगुळीत असतात आणि आतली खनिजं कडेकडून मध्याकडे वाढलेली असतात. सुयांसारखे तंतू एका बिंदूतून पसरलेले दिसले तर ते मेसोलाइट किंवा स्कोलेसाइट, म्हणजे झिओलाइटच.

दगड फोडल्यावर तड्याच्या पृष्ठभागावर काळं ‘नेचाचं पान’ दिसलं, तर ते मँगनीजच्या ऑक्साइडची नक्षी असते. तिला जाडी नसते, मधली शीर नसते आणि फांद्या तड्याच्या कडेपासून निघतात. अकीकमधलं हिरवं शेवाळही शेवाळ नव्हे.

आता चाकू आणि व्हिनेगर. खिशातल्या चाकूने कॅल्साइट सहज ओरखडला जातो, गारगोटी नाही. तिच्यावर उलट चाकूचीच चकचकीत रेघ उमटते. व्हिनेगर सौम्य असल्याने अखंड दगडावर ते बरेचदा गप्प बसतं, म्हणून आधी थोडी पूड खरवडून तिच्यावर दोन थेंब टाकायचे. फेस आला तर कॅल्साइट आहे, एवढंच कळतं. शिंपल्याला फेस येतो आणि बुडबुड्यातल्या कॅल्साइटलाही येतो. हाडाचं मूळ खनिज फेसाळत नाही, पण त्याच्या पोकळ्यांत भरलेला चुना फेसाळतो. मोरीसाठीचं ॲसिड वापरू नका. अंगाला धोका आणि नमुन्याचाही नाश. जिभेला चिकटतं ते हाड, ही परीक्षाही कच्ची आहे, कारण चिकणमातीही चिकटते.

नदीकाठचा गाळ हा मात्र पुण्याकडचा खरा अपवाद. गोदावरी-प्रवरेच्या गाळात रानबैलांची, हत्तींची हाडं मिळाली आहेत, त्यामुळे मुळा-मुठेच्या किंवा घोडच्या कापातला तुकडा लगेच फेकू नये. इथे घोळ घालतात चुनखडे: मातीत चुना साचून झालेले पांढरे खडे, त्यातले काही मुळांभोवती नळीसारखे वाढलेले. नळीच्या मधोमध मुळाचं भोक असतं. गंमत म्हणजे अशी नळी मुळाची खूण असल्यामुळे तिला एका अर्थी जीवाश्मही म्हणतात.

गाळातल्या तुकड्यात हाडाची जाळी खरंच दिसली, तर तो धुऊ नका. गाळातलं हाड भिजून वाळलं की तडकतं. पट्टी ठेवून जागेवरच फोटो घ्या, कुठल्या थरातून आला ते आणि मोबाईलवरचं स्थान लिहून ठेवा. बाकीचं तिथेच राहू द्या. फोटो डेक्कन कॉलेज, आघारकर संशोधन संस्था किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात दाखवता येतो. थराची नोंद नसलेला तुकडा अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा नसतो.

आणि हमखास जीवाश्मच हवा असेल, तर फरशांच्या दुकानात जैसलमेरकडचा हाबूरचा दगड मागा. शंख-शिंपल्यांनी तो गच्च भरलेला असतो. भिंग तिथेही न्या.