अपडेट बंद करायचं बटण गेलं कुठं?

विंडोजचं ऑटो अपडेट कायमचं बंद कसं करायचं असं कुणी विचारलं की लगेच सर्व्हिस (मागं गुपचूप चालणारा प्रोग्रॅम) डिसेबल कर, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात) अमुक बदल कर असे उपाय सुरू होतात, पण एकेकाळी हे एका क्लिकचं काम होतं, मग ते इतकं अवघड का झालं हे समजून घ्यायला जरा मागं जावं लागतं.

१९९८ मध्ये विंडोज ९८ सोबत विंडोज अपडेट आलं तेव्हा ती फक्त एक वेबसाइट होती, आपण स्वतः जायचं, यादी बघायची, हवं ते टिक करायचं. आपोआप अपडेट व्हायची सोय २००० च्या विंडोज मी (Me) या व्हर्जनमध्ये आली आणि नंतर विंडोज एक्सपीत, पण ती चालू ठेवायची की नाही हे लोकांवर होतं आणि बरेच जण तिकडं बघायचेच नाहीत.

मग २००३ उजाडलं. जानेवारीत स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस, पसरला, त्याला अडवणारा पॅच (चूक दुरुस्त करणारं छोटं अपडेट) आधीच्या जुलैपासून उपलब्ध होता. ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला, त्याचाही पॅच १६ जुलैलाच आला होता, म्हणजे महिनाही झाला नव्हता! ज्यांनी तेव्हा एक्सपी वापरलाय त्यांना ती खिडकी आठवत असेल, काम करता करता अचानक समोर यायची, सिस्टिम बंद होतेय, ६० सेकंद राहिले, ५९, ५८, आणि सेव्ह करेपर्यंत मशीन रिस्टार्ट. ब्लास्टरने तर विंडोज अपडेटच्या पत्त्यावरच हल्ला करायचा बेत आखला होता. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच द्यायची पद्धत त्याच ऑक्टोबरात सुरू झाली आणि ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या मोठ्या अपडेटने इन्स्टॉल झाल्या झाल्या ऑटो अपडेट चालू करायचा आग्रह धरला. मला तो आग्रह रास्तच वाटतो. तरीही सेटिंगमध्ये चार पर्याय होते आणि शेवटचा होता सरळ बंद. रिस्टार्टचा बॉक्स मात्र जीव खायचा, नंतर म्हटलं की दहा मिनिटांनी परत हजर. विंडोज ७ मध्येही कधीच तपासू नका हा पर्याय शाबूत होता.

खरा विश्वास तुटला तो २०१५-१६ मध्ये. विंडोज १० फुकट देताना विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांच्या मशीनवर अपडेटच्याच वाटेनं त्याची जाहिरात करणारं ॲप उतरवलं गेलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये ते अपग्रेडच रेकमेंडेड अपडेट ठरवलं आणि मे मध्ये तर त्या ॲपची खिडकी वरच्या लाल फुलीने बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होईना. फुली म्हणजे नको, हे लोकांच्या बोटांना वर्षानुवर्षं माहीत होतं हो. पुढच्या महिन्यात मायक्रोसॉफ्टला ते बदलावं लागलं, पण तोवर कित्येकांनी घाबरून अपडेटच बंद करून टाकलं होतं आणि तसंच ठेवणाऱ्यांना मार्च २०१७ चा पॅचही मिळाला नाही. १२ मे २०१७ ला, त्या पॅचने अडवला असता असा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय वर्म आला तेव्हा ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांचं काम ठप्प झालं, आणि लागण झालेली बहुतेक मशीन्स विंडोज ७ ची होती. सुरक्षेचा पॅच आणि नवं व्हर्जन एकाच नळातून सोडलं, लोकांनी नळच बंद केला, माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ हेच आहे.

विंडोज १० च्या होम एडिशनमध्ये तर बंदचा पर्याय ठेवलाच नव्हता, प्रो एडिशनवाल्यांना ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगमधून ते करता यायचं. २०१८ मध्ये मेडिक नावाची सर्व्हिस आली, आपण बंद केलेलं अपडेट ती परत उठवते, म्हणून जुने उपाय काही दिवसांत फसतात. त्याच ऑक्टोबरचं मोठं अपडेट काही लोकांच्या फायली पुसतंय म्हटल्यावर थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरात परत सोडलं, त्यामुळे बंद करू बघणाऱ्यांना नुसतं हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे.

मे २०१९ च्या व्हर्जनपासून होममध्येही सात-सात दिवस करत ३५ दिवसांपर्यंत थांबवता यायला लागलं, नंतर आधीची अपडेटं घेतल्याशिवाय परत थांबवता येत नाही. नवं व्हर्जन घ्यायचं बटणही वेगळं झालं, जुन्याचा सपोर्ट संपत येईपर्यंत ते आपण दाबलं तरच उतरतं. एवढी एक गोष्ट २०१५ लाच केली असती तर निम्म्या लोकांनी रजिस्ट्री उघडलीच नसती.