जड कामाचे बोल्ट, स्क्रू व अँकर

फाटकाची बिजागरी, टाकीचा स्टँड, मोटरचा पाया, कामाच्या टेबलावरचा व्हाइस अशा ठिकाणी जोडाला सततचा भार, हादरे किंवा ओल सोसावी लागते. त्यासाठीचे बोल्ट, स्क्रू आणि अँकर (भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये पकडणारे खिळे-बोल्ट) निवडताना केवळ जाडी पाहून भागत नाही. बोल्टने दोन भाग एकमेकांवर किती जोराने दाबून धरले आहेत, यावर जोडाचे आयुष्य ठरते. नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो. तो ताण पुरेसा असेल तर दोन भागांमधले घर्षणच आडवा भार पेलते. तो कमी पडला की भाग सरकू लागतात, नट ढिला होतो आणि उलटसुलट वाकून बोल्ट अखेर थकून तुटतो.

पोलादी बोल्टची ताकद त्याच्या डोक्यावरच्या आकड्यावरून कळते. ८.८ मधल्या पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की तुटण्याची मर्यादा मिळते: ८०० मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक). दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, बोल्ट कायमचा लांबू लागतो. साध्या ४.६ बोल्टसाठी हेच आकडे ४०० आणि २४० आहेत. डोक्यावर काहीच छापलेले नसेल तर तो बोल्ट साधाच धरावा. नटही जोडीचा हवा, ८.८ च्या बोल्टवर ८ वर्गाचा. मऊ नट लावला तर आवळताना त्याचे आटे जातात.

एम८ मापाचा (८ मिलिमीटर जाडीचा) ८.८ बोल्ट कोरड्या आट्यांवर साधारण २५ न्यूटन-मीटरने आवळतात. त्यातून सुमारे दीड टनाचा दाब तयार होतो. तोच जोर ४.६ च्या एम८ वर लावला तर आट्यांजवळ तो बारीक होतो आणि पाना अचानक हलका फिरू लागतो. असा ताणलेला बोल्ट फेकून द्यावा, पुन्हा वापरू नये. आवळण्याचा बहुतेक जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो, ताणासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून आट्यांना तेल किंवा ग्रीस लावले असेल तर तेवढ्याच टॉर्कने (पाना पिळण्याच्या जोराने) बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्क कमी करावा.

स्प्रिंग वॉशर लावला की नट सुटणार नाही, ही समजूत फार चिवट आहे. अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की नट ढिला होतो तो मुख्यतः जोडातल्या आडव्या सरकण्याने. पूर्ण आवळल्यावर सपाट झालेला स्प्रिंग वॉशर ते रोखत नाही. हादऱ्याच्या जागी नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा (१२० अंश सेल्सिअसच्या पुढे तो निकामी) किंवा आट्यांना लॉकिंग द्रव लावावा. निळा द्रव हातच्या पान्याने सुटतो, लाल द्रवाला उष्णता द्यावी लागते.

भार आडवा येत असेल तर कापाच्या रेषेत (दोन भाग जिथे एकमेकांवर सरकू पाहतात तिथे) बोल्टचा गुळगुळीत दांडा येईल अशी लांबी घ्यावी, आटे नकोत. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले म्हणजे पुरे. ॲल्युमिनियममध्ये आटे पाडायचे असतील तर बोल्टच्या जाडीच्या दीड ते दोन पट खोली ठेवावी.

लाकडात दहा मिलिमीटरचा कोच स्क्रू (पान्याने पिळायचा जाड लाकडी स्क्रू) बसवताना वरच्या तुकड्यात दहाचे आणि खालच्यात सहा-सातचे भोक पाडावे. भोक न पाडता पिळला तर लाकूड चिरते किंवा स्क्रूची मान तुटते. हातोड्याने ठोकून आत घालणे तर सर्वांत वाईट, कारण तंतू तुटून पकडच जाते. वॉशर रुंद हवा. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू कडक पण ठिसूळ असतात. ते बिजागरीला लावू नयेत.

काँक्रीटमध्ये फुगणारा अँकर चालतो, मात्र काठापासून दूर. पोकळ ठोकळ्यात किंवा कच्च्या विटेत त्याच्या दाबाने भिंतच फुटते. तिथे जाळीच्या नळीत रासायनिक अँकर (रेझिनच्या चिकट लेपाने पकडणारा) भरावा. त्यासाठी भोक फुंकून, ब्रश फिरवून, पुन्हा फुंकून साफ करणे अनिवार्य आहे. आत भुकटी राहिली तर रेझिन भिंतीला नव्हे, भुकटीला चिकटते.

गंजासाठी विद्युत जस्तलेप (साधारण ५ ते ८ मायक्रॉन) घरात पुरतो. बाहेर उष्ण जस्तलेप (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला) बरा, पण तो जाड असल्याने त्याला मोठ्या आट्यांचा खास नट लागतो. १०.९ आणि त्यावरच्या बोल्टवर घरी जस्त चढवण्याच्या फंदात पडू नये; प्रक्रियेत आत शिरलेल्या हायड्रोजनने बोल्ट ठिसूळ होतो आणि आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटतो. स्टेनलेस ए२-७० (स्टेनलेस बोल्टचा नेहमीचा प्रकार) सहसा गंजत नाही, पण ताकदीत ८.८ पेक्षा कमी. खाऱ्या हवेत ए४ हा जास्त गंजरोधक प्रकार घ्यावा. स्टेनलेसचे नट-बोल्ट जोरात फिरवले तर आटे एकमेकांत जाम होतात, म्हणून ॲन्टी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावून हळू आवळावेत.

जुन्या यंत्रावर इंची आटे असू शकतात. ५/१६ इंची बोल्ट (७.९४ मिलिमीटर, इंचाला १८ आटे) एम८ च्या नटात दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. इथे जोर लावला तर दोन्हींचे आटे जातात. आधी पिच गेज (आट्यांमधले अंतर मोजण्याचे पात्यांचे साधन) लावून पाहावा.